पिन बसली, पण अ‍ॅडॉप्टर जुळला का?

श्रावणातले सप्ताह जवळ आले, गणपतीही लांब नाहीत, म्हणून या खेपेची बरीचशी पत्रं वाद्यांची आणि साउंडची आहेत. त्यातली बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरतात: मूळ अ‍ॅडॉप्टर गेला किंवा हरवला, आता दुसरा कुठला लावायचा? बेळगावच्या शहापुरात बाकावर बसून मी वर्षानुवर्षं हीच वाद्यं उघडतो आहे. आपणहून बिघडलेलं वाद्य कमी येतं, चुकीच्या अ‍ॅडॉप्टरनं बिघडलेलं जास्त येतं. आणि त्यातलं बरंचसं गावानं वर्गणी काढून घेतलेलं असतं. म्हणून यावेळचं सदर या एकाच विषयाला देतो.

प्रश्न: आमच्या भजनी मंडळाकडं कॅसिओचा जुना कीबोर्ड आहे. पावसात ओल लागून अ‍ॅडॉप्टर गेला. मंडळातल्या एका पोरानं घरच्या वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणून लावला. पिन अगदी बरोबर बसली, पण कीबोर्ड चालू होईना झालाय. गेला काय कीबोर्ड? सध्या नुसत्या पेटीवर भजन करूलालोय. नवीन अ‍ॅडॉप्टर घ्यायचा तर कुठला घेऊया?
— भजनी मंडळाचे एक सभासद, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर: आधी तो राउटरचा अ‍ॅडॉप्टर बाजूला ठेवा. ‘परत एकदा लावून बघूया’ असं कुणी म्हटलं तरी लावू देऊ नका. मग कीबोर्डात सहा नव्या बॅटऱ्या घाला. बॅटरी बघताना अ‍ॅडॉप्टरची पिन बाहेर असू द्या, कारण पिन आत गेली की बहुतेक कीबोर्डात बॅटरीची जोडणी आपोआप तुटते. बॅटरीवर आवाज आला तर मुख्य बोर्ड शाबूत आहे. मग बिघाड पॉवर आत येते तेवढ्या जागेपुरता, म्हणजे एखादा फ्यूज किंवा डायोड (करंट एकाच दिशेला जाऊ देणारा छोटा भाग). जाणता मेकॅनिक ते काम समोर बसवून करून देईल. बॅटरीवरही गप्प राहिला, तर मात्र उघडूनच बघावं लागेल.

झालं काय ते सांगतो. कॅसिओच्या बऱ्याच जुन्या कीबोर्डांना एडी-५ हा अ‍ॅडॉप्टर लागतो: ९ व्होल्ट डीसी (एकाच दिशेला वाहणारी वीज), ८५० मिलिअँपिअर, पिनच्या आतल्या भोकात मायनस आणि बाहेरच्या नळीवर प्लस. राउटरचा १२ व्होल्टचा असतो आणि जवळजवळ नेहमी आत प्लस, बाहेर मायनस. म्हणजे व्होल्टेज तीननं जास्त आणि वर प्लस-मायनस उलटं. या दोन्हीत उलटं लागणं जास्त वाईट. काही वाद्यांत त्यासाठी डायोड बसवलेला असतो, तो स्वतः जातो आणि बाकीचं वाचवतो. जिथं तो नसतो तिथं उलटा करंट सरळ आयसीपर्यंत, म्हणजे वाद्य चालवणाऱ्या चिपपर्यंत पोचतो, आणि ती आयसी जुन्या कीबोर्डाची असेल तर बाजारात मिळेलच असं नाही.

म्हणून खरेदीला निघायच्या आधी कीबोर्ड उपडा करा आणि पिनच्या भोकाजवळ बघा. तिथं एक छोटं चित्र असतं: मध्ये ठिपका, त्याला वेढणारा अर्धवट गोल, दोन बाजूंना अधिक आणि उणे. ठिपका म्हणजे पिनचा आतला भाग, अर्धगोल म्हणजे बाहेरची नळी. ठिपक्यापासून निघालेली रेघ ज्या चिन्हाला जाते ते आतलं. हेच चित्र अ‍ॅडॉप्टरवरही छापलेलं असतं. दोन्ही चित्रं सारखी असतील तरच पुढं जायचं.

इथं एक गोष्ट ठासून सांगतो, कारण तिच्यामुळं फसलेले लोक मी फार बघितले आहेत. ‘कॅसिओचा अ‍ॅडॉप्टर द्या’ एवढं सांगून चालत नाही. कॅसिओच्याच पुढच्या पिढीच्या अनेक कीबोर्डांना एडी-ई९५१०० लागतो. तो ९.५ व्होल्टचा, १ अँपिअरचा, आणि त्यात आत प्लस असतो! कंपनी एकच, व्होल्टेज जवळजवळ तेच, आणि प्लस-मायनस नेमकं उलटं. अर्ध्या व्होल्टचा फरक वाद्य सोसेल, हा फरक सोसणार नाही. दुकानात कंपनीचं नाव सांगू नका, कीबोर्डाच्या पाठीवरचा मॉडेल नंबर आणि ‘डीसी ९ व्होल्ट’ असं लिहिलेली ओळ दाखवा. कीबोर्ड बसमधून बेळगावला आणायची गरज नाही. पाठीचा स्वच्छ फोटो काढा, ते चित्र त्यात नीट दिसलं पाहिजे.

काही जण बॅटऱ्या मोजून व्होल्टेज ठरवतात. सहा बॅटऱ्या गुणिले दीड व्होल्ट म्हणजे नऊ. तुमच्या कॅसिओला तो हिशेब जुळतो, पण यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेतल्या कीबोर्डात सहाच बॅटऱ्या बसतात आणि अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्टचा लागतो. म्हणून बॅटऱ्या मोजणं हा नुसता अंदाज समजा, शेवटचा शब्द पाठीवरच्या लेबलचा.

अँपिअरबद्दल उलटी भीती असते. ‘८५० मिलिअँपिअर हवं होतं, दुकानदार २ अँपिअरचा देतोय, जळणार नाही ना?’ नाही जळणार. अ‍ॅडॉप्टरवरचा अँपिअरचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते. वाद्य त्याला लागेल तेवढंच ओढतं. घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला पाच वॅटचा दिवा लावला तर दिवा फुटतो का? तसंच हे. अँपिअर जास्त असलेले चालतात, कमी असलेले चालत नाहीत. कमी पडला की आवाज चढवल्यावर कीबोर्ड मध्येच बंद पडतो, डिस्प्ले लुकलुकतो, अ‍ॅडॉप्टर हाताला चटका देतो. व्होल्टेजला मात्र हा नियम लावू नका. व्होल्टेज लेबलप्रमाणेच हवं.

आता पिन. तिचा विचार सगळ्यात शेवटी करायचा, आणि आपल्याकडं तो सगळ्यात आधी होतो. बाहेरून ५.५ मिलिमीटर जाडीच्या पिनांत दोन जाती सर्रास मिळतात: आतलं भोक २.१ मिलिमीटरचं आणि २.५ मिलिमीटरचं. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. २.१ची पिन २.५च्या सॉकेटात जातच नाही, हे बरं. पण २.५ची पिन २.१च्या सॉकेटात जाते आणि आत सैल राहते. मग अभंगाच्या मध्यावर कुणी वायरीला पाय लावला की कीबोर्ड बंद. पिन चुकीची असेल तर मेकॅनिककडून बदलून घेता येते, काम किरकोळ आहे. बदलल्यावर मीटर लावून प्लस-मायनस पुन्हा तपासायला मात्र सांगा.

आणि मंडळानं एक साधा डिजिटल मल्टिमीटर घेऊन ठेवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, लाल टोक पिनच्या आत, काळं बाहेरच्या नळीला. आकडा सरळ आला तर आत प्लस. आकड्यापुढं उणे चिन्ह आलं तर आत मायनस. हे तपासायला शिकलेला एक माणूस मंडळात असला तर वर्गणीचा कीबोर्ड वाचतो. मीटर लावल्यावर जुन्या, वजनदार ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅडॉप्टरवर ‘९ व्होल्ट’ लिहिलेलं असून १२-१३ दिसलं, तर त्यात रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) नाही असं समजा. लोड आला, म्हणजे वाद्य करंट ओढू लागलं, की तो खाली येतो, पण कमी करंट ओढणाऱ्या वाद्याला तो जास्त व्होल्टेज देत राहतो. हल्लीचे हलके एसएमपीएस (स्विचिंग सर्किटवर चालणारे) अ‍ॅडॉप्टर लोड असो-नसो लिहिलेलंच व्होल्टेज देतात, नवीन घेताना तेच घ्या. ३ ते १२ व्होल्टपर्यंत सरकवायचं बटण असलेला ‘युनिव्हर्सल’ मंडळात ठेवूच नये असं माझं मत आहे. सामानाच्या ट्रंकेत टाकताना ते बटण सरकतं आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न: पारायणासाठी आम्ही छोटा मिक्सर वापरतो. त्याच्या अ‍ॅडॉप्टरच्या टोकाला तीन भोकांचा, आट्यांनी फिरवून बसवायचा प्लग आहे. अ‍ॅडॉप्टर जळाला. इथल्या रिपेरीवाल्यानं लॅपटॉपचा चार्जर कापून जोडून देतो म्हणून सांगितलंय. जोडावा का?
— निपाणी

उत्तर: जोडू देऊ नका. लॅपटॉपचा चार्जर डीसी देतो, आणि तीन भोकांचा असा प्लग असलेल्या छोट्या मिक्सरांना बहुधा एसी (घरातल्या सॉकेटसारखी, दिशा पालटत राहणारी वीज) लागतो. अ‍ॅडॉप्टरच्या लेबलवर आउटपुटच्या ओळीत बघा. आडवी नागमोडी रेघ असेल तर एसी. एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी. उदाहरण म्हणून यामाहाच्या छोट्या मिक्सरांबरोबर येणारा पीए-१० बघा: त्यावर ३५ व्होल्ट एसी, ‘सीटी’, ०.९४ अँपिअर असं लिहिलेलं असतं. सीटी म्हणजे सेंटर टॅप, ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीच्या बरोबर मधून काढलेली तिसरी तार. त्या तारेच्या एका बाजूपासून मिक्सर अधिक व्होल्टेज बनवतो, दुसऱ्या बाजूपासून उणे, आणि कंडेन्सर माइकला लागणारं ४८ व्होल्टचं फँटम पॉवरही त्याच एसीवरून चढवून घेतो. दोन तारांच्या डीसीतून यातलं काहीच नीट होणार नाही. फार तर दिवा लागेल.

पहिला मार्ग, त्याच मॉडेलसाठी कंपनीचा अ‍ॅडॉप्टर मागवणं. महाग पडतो, तरी मी तोच सुचवेन. मिळालाच नाही तर २३० व्होल्ट प्रायमरीचा (विजेकडची गुंडाळी) आणि योग्य सेकंडरीचा (मिक्सरकडची गुंडाळी) ट्रान्सफॉर्मर (३५ सीटीला १८-०-१८ जवळचा) पत्र्याच्या पेटीत, फ्यूज घालून, पेटीला अर्थिंग देऊन जाणत्या माणसाकडून बसवून घ्या. तीन तारांपैकी मधली कुठली हे जुन्या प्लगवरून मीटर लावून ठरवल्याशिवाय काम सुरू करू नये.

एसीचा हा घोळ मिक्सरपुरता नाही. डिजिटेकच्या जुन्या आरपी मालिकेतल्या गिटार प्रोसेसरांना ९ व्होल्ट एसी लागतो. त्याची पिन डीसीच्या पिनेसारखीच दिसते.

प्रश्न: काका, माझ्या भावोजींनी अमेरिकेहून गिटारचं एक पेडल आणलंय, बरोबर तिथला अ‍ॅडॉप्टर आहे. चपट्या पिनांना इथला कन्व्हर्टर लावून चालेल का? आणि एकाच अ‍ॅडॉप्टरवर चार पेडलं चालवता येतात का?
— कॉलेज विद्यार्थी, टिळकवाडी

उत्तर: कन्व्हर्टर नुसती पिन बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. अ‍ॅडॉप्टरवर ‘इनपुट’ची ओळ वाच. १००-२४० व्होल्ट, ५०-६० हर्ट्झ असं असेल तर खुशाल लाव. नुसतं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर आपल्या २३० व्होल्टला लावू नकोस. आतला ट्रान्सफॉर्मर तापून जळतो, कधी कधी वितळतोही. तो अ‍ॅडॉप्टर बाजूला ठेव. पेडलाला मात्र काही अडचण नाही, त्याला इथलाच अ‍ॅडॉप्टर मिळेल. बॉसच्या बहुतेक छोट्या पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि आत मायनस, आणि बाकीच्या कंपन्यांनीही बव्हंशी तीच पद्धत उचलली आहे. तरी आपल्या पेडलावरचं चित्र बघायचं सोडू नकोस.

चार पेडलं चालतील, सगळ्यांचं व्होल्टेज आणि प्लस-मायनस सारखं असेल तर. प्रत्येकाचे मिलिअँपिअर लिही आणि बेरीज कर. साधं डिस्टॉर्शन काही मिलिअँपिअरच ओढतं, डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब त्याच्या कितीतरी पट. बेरजेपेक्षा निदान निम्म्यानं जास्त क्षमतेचा अ‍ॅडॉप्टर घे. एका वायरीवर डिजिटल आणि डिस्टॉर्शन एकत्र लावल्यावर बारीक किणकिण किंवा शिट्टीसारखा आवाज आला, तर डिजिटल पेडलाला वेगळा अ‍ॅडॉप्टर दे. मोबाइलच्या चार्जरवरून व्होल्टेज चढवणाऱ्या स्वस्त वायरी मिळतात, त्यांची किणकिण गेन वाढवला की सगळ्यांना ऐकू जाते.

प्रश्न: मी मुलींना शास्त्रीय गायन शिकवते. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा अ‍ॅडॉप्टर बदलल्यापासून तानपुऱ्याखाली सतत घरघर येते. बॅटरीवर लावला की स्वच्छ. शिवाय माइकच्या जाळीला ओठ लागले की बारीक झिणझिण्या येतात. हे धोक्याचं आहे का?
— एक शिक्षिका, येळ्ळूर

उत्तर: ताई, बॅटरीवर स्वच्छ येतो हे तुम्ही तपासलंत, त्यामुळं तानपुरा निर्दोष ठरला आणि दोष अ‍ॅडॉप्टरकडं गेला. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० लहरींची. तिचं डीसी करताना दर लहरीचे दोन्ही अर्धे वापरले जातात, म्हणून उरलेली थरथर १०० हर्ट्झची होते. ती गाळायचं काम आतल्या कपॅसिटरचं. तो हलका किंवा सुकलेला असला, आणि पुढं रेग्युलेटर नसला, की थरथर सरळ स्पीकरमधून येते.

आणि तुमच्यासाठी ती नुसती घरघर नाही. १०० हर्ट्झ म्हणजे पेटीवरच्या मंद्रातल्या पांढरी पाच आणि काळी चार या पट्ट्यांच्या मधोमध कुठंतरी पडणारा स्वर. पांढरी पाच तिथं ९८ला येते, काळी चार जवळपास १०४ला. तुमच्या मुली काळी चारमध्ये गात असतील तर खर्जाच्या षड्जाखाली एक उतरलेला, बेसूर षड्ज दिवसभर वाजतो आहे, आणि त्यांचा कान त्याला सरावतो आहे. शिकणाऱ्या कानाचं हे नुकसान मला जळालेल्या आयसीपेक्षा मोठं वाटतं. ज्या जिल्ह्यात, सुळेभावीला, १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले तिथल्या रियाजात हे चालवून घेऊ नये. तानपुऱ्याच्या लेबलप्रमाणे व्होल्टेज आणि प्लस-मायनस असलेला रेग्युलेटेड अ‍ॅडॉप्टर घ्या, आणि तो आल्याखेरीज बॅटरीवरच शिकवा.

झिणझिण्यांचं वेगळं आहे. दोन पिनांच्या एसएमपीएस अ‍ॅडॉप्टरात विजेच्या बाजूकडून आउटपुटच्या बाजूला एक बारीक कपॅसिटर मुद्दाम जोडलेला असतो, आवाजातला खरखराट दाबण्यासाठी. त्यातून अगदी थोडा करंट झिरपतो आणि अर्थिंग नसलेल्या साउंडच्या धातूवर जाणवतो. चांगल्या अ‍ॅडॉप्टरात तो घातक नसतो, आणि मिक्सर किंवा अ‍ॅम्प्लिफायर तीन पिनांच्या, खरोखर अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावला की थांबतो. पण अ‍ॅडॉप्टर बेनावाचा असेल तर तो करंट तेवढाच आहे याची हमी कोण देणार? झिणझिण्यांऐवजी झटका बसला तर त्याच क्षणी बंद करा आणि तो अ‍ॅडॉप्टर पुन्हा कुणाच्या हाती जाऊ देऊ नका.

घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’पासून सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक बघा. अशा अ‍ॅडॉप्टरांना सरकारच्या आदेशाखाली ही नोंदणी सक्तीची आहे, आणि ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो क्रमांक घालून खरा आहे का ते दुकानातच तपासता येतं. सोबत एकात एक दोन चौकोनांचं चिन्ह असेल तर आत दुहेरी इन्सुलेशन आहे. मंडपात कार्यक्रम करत असाल तर आयोजकांना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवायला सांगा. आपल्याकडं गणपतीत ताडपत्री गळतेच, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून माइक धरणारी तुमची विद्यार्थिनी असते.

प्रश्न: देवळासाठी ऑनलाइन एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड घेतला. त्यावर १२ ते २४ व्होल्ट डीसी लिहिलंय. घरी लॅपटॉपचा जुना १९ व्होल्ट ४.७४ अँपिअरचा चार्जर आहे. चालेल?
— जांबोटी

उत्तर: चालेल, चांगला चालेल. व्होल्टेज मर्यादेत आहे आणि ९० वॅट त्याला पुरतात. प्लस-मायनस मीटरनं बघून जोडा. अशा बोर्डांची ताकद व्होल्टेजवर ठरते: ८ ओहमच्या स्पीकरला १२ व्होल्टवर चॅनेलमागं जेमतेम ९ वॅट, १९ वर सुमारे २२, २४ वर सुमारे ३६. देवळाच्या गाभाऱ्यापुढच्या मंडपाला १९ व्होल्ट पुरे. ४ ओहमचे स्पीकर लावले तर करंट दुप्पट ओढला जाईल, तेव्हा चार्जर किती तापतो ते हात लावून बघा.

प्रश्न: मंडळाच्या ट्रंकेत सात-आठ अ‍ॅडॉप्टर पडून आहेत. कुठला कशाचा कुणालाच ठाऊक नाही. टाकून द्यावेत काय?
— उचगाव

उत्तर: आधी लेबल वाचून आणि मीटर लावून वेगळे करा. जे चालू आहेत त्यांच्यावर पांढरी चिकटपट्टी लावून वाद्याचं नाव, व्होल्टेज, एसी की डीसी आणि आत प्लस की मायनस हे ठळक लिहा. वाद्याचं नाव मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही लिहा, कारण साउंड जोडायला येणाऱ्या पोरांतल्या बऱ्याच जणांचं वाचन कन्नडमध्ये झालेलं असतं आणि घाईत तेच हात घालतात. प्रत्येक अ‍ॅडॉप्टर त्याच्या वाद्याच्या पिशवीतच ठेवा, ट्रंकेत एकत्र नको. ज्यांचं लेबल पुसलंय, वायर सोलली आहे किंवा पेटी फुगली आहे, ते मीटरवर बरोबर दिसले तरी ठेवू नका. त्यांची वायर पिनेपासून कापून टाका, म्हणजे पुन्हा कुणी लावणार नाही, आणि ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या.